देव्हाऱ्यातला पाच पाकळ्यांचा दगड: आपल्याकडं कधी समुद्र होता का?

हरिपूरची_हळद

नमस्कार मंडळी. घरात वाद पेटलाय, तो तुमच्यापुढं ठेवते.

आमच्या सांगलीच्या घरी आजेसासूबाईंच्या काळापासून देव्हाऱ्यात एक दगड आहे. त्या कच्छातल्या नारायण सरोवरच्या यात्रेला गेल्या होत्या, तिथून आणला असं सासूबाई सांगतात. शाळिग्रामाच्या शेजारी त्याची जागा. मुठीत मावेल एवढा, पिवळट, वरून फुगीर आणि खालून जवळजवळ सपाट. वरच्या अंगाला पाच पाकळ्या आहेत, पण त्या कोणी कोरलेल्या वाटत नाहीत. प्रत्येक पाकळीच्या दोन्ही कडांना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांच्या जोडओळी आहेत. परवा देव घासताना मुलाचं भिंग घेऊन नीट पाहिला. तळाला एक भोक आहे, अगदी मधोमध नाही, किंचित पुढं. त्याच्याभोवती पुन्हा एक बारकी पाच पाकळ्यांची नक्षी. मागच्या काठाशी, खालच्या बाजूला, दुसरं आडवं भोक. एका कडेचा टवका उडालाय, तिथं उजेडात धरलं की सपाट चकाकतं.

भाऊजी म्हणतात शाळिग्रामाचाच प्रकार. मुलगा मोबाइलवर बघून म्हणतो सी-अर्चिन, समुद्रातला काटेरी प्राणी. सासूबाई म्हणतात काहीही असो, जागचा हलवायचा नाही.

मला दोन गोष्टी हव्यात. प्राणी असेल तर किती जुना? आणि असलं काही आपल्या सांगली-साताऱ्याच्या खडकात मिळतं का? फोटो जोडलेत.

कोयनाकाठ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो: नाही मिळत.

आपल्या पायाखाली लाव्हाचे थर आहेत हे शाळेत शिकलोय, पण त्यांच्या खाली काय हे बघायचं तर भोकच पाडावं लागतं. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी ते पाडलंही, आमच्या पाटण तालुक्यात, तीन किलोमीटर खोल. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर नुसता बेसॉल्ट लागला, आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस. मध्ये चुनखडी नाही, वालुकाश्म नाही, शेल नाही. समुद्राचा गाळ साचून टिकला असता तर तो नेमका त्या सांध्यात सापडायला हवा होता.

तेव्हा तुमचा दगड पाहुणा आहे. यात्रेहून आला हेच बरोबर.

माणदेशी_गडी

कोयनाकाठ दादा, एक इचारतो. आमच्या आटपाडीकडं हीर काढताना मांजऱ्या खडक लागला की त्यात पांढरीशुभ्र, पाकळ्या-पाकळ्यांची फुलं घावत्यात. काही गुलाबी बी असत्यात. लोकं शोकेसात ठिवत्यात. मग ती काय म्हनायची? त्यात बी जीव हुता का?

कोयनाकाठ

नाही गड्या. ती झिओलाइटची. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर झिरपणाऱ्या पाण्यातून स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट अशी नावं. जिवाचा संबंध नाही. पाकळ्या मोजून बघ, कधी सात, कधी बारा, कसल्याही. ताईंच्या दगडावर दरवेळी पाचच.

भूस्तर

उशिरा बघितला धागा. मी कराडचा, पण उमेदीची वर्षं कच्छात चुनखडीच्या सर्वेक्षणात काढली, त्यामुळं फोटो बघून जुना माणूस भेटल्यासारखं झालं.

मुलगा बरोबर आहे. हा एकायनॉइड, म्हणजे सी-अर्चिनचा जीवाश्म. तारामासा आणि हा एकाच कंटकचर्मी संघातले, म्हणून तो पाचाचा हिशोब. शाळिग्राम वेगळा: तो अ‍ॅमोनाइट, माकूळ-ऑक्टोपसच्या गोतातला, आणि ते घराणं आज पूर्ण नामशेष आहे. तुमच्या दगडाचं घराणं चालू आहे.

आता हळदताई, तुम्ही जे बघून लिहिलंय तेच पुरेसं आहे. एकेक घ्या.

वरच्या पाकळ्या म्हणजे श्वासाची जागा. त्या जोडभोकांतून मऊ, नळीसारखे पाय बाहेर यायचे आणि पाण्यातला प्राणवायू घ्यायचे. खडकावर उघड्यावर राहणाऱ्या सी-अर्चिनला अशा पाकळ्या नसतात, त्याच्या भोकांच्या ओळी वरपासून खालपर्यंत सरळ उतरतात. श्वास घेणारे पाय फक्त वरच्या अंगाला गोळा झाले, याचा अर्थ उरलेलं अंग वाळूत होतं.

तळाचं भोक तोंडाचं. ते पुढं सरकलंय, म्हणजे प्राणी एकाच दिशेनं, तोंड पुढं करून चालायचा. गोल सी-अर्चिनला पुढं-मागं नसतंच, तो कुठल्याही बाजूला निघतो. तोंडाभोवतीची बारकी नक्षी म्हणजे अन्नाचे कण उचलणाऱ्या पायांची जागा. याला दात नव्हते. वाळू गिळायची, तिच्यावरचा सेंद्रिय अंश पचवायचा, बाकी मागून सोडायची.

मागचं आडवं भोक गुदद्वाराचं. गोल सी-अर्चिनमध्ये ते डोक्यावर, अगदी मधोमध असतं. उघड्यावर ठीक आहे, पण वाळूत पुरून घेतलेल्या प्राण्याला स्वतःची घाण स्वतःच्या श्वासावर टाकून चालणार नाही. म्हणून ते मागं आणि खाली गेलं.

आणि टवक्याची चकाकी: यांच्या कवचाची प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे एकेका कॅल्साइट स्फटिकासारखी वागते. जिवंतपणी ती जाळीदार असते, गाडली गेल्यावर जाळीची छिद्रंही कॅल्साइटनं भरतात, त्याच दिशेत. म्हणून तुटताना ती सपाट तुटते आणि आरशागत चमकते. शिंपला असा तुटत नाही. फील्डवर नुसत्या चकाकीवरून मातीतला एवढासा तुकडाही एकायनॉइडचा म्हणून ओळखू येतो.

एवढ्या खुणांवरून हा एकायनोलॅम्पस वंशातला. नारायण सरोवर, लखपत हा सगळा पट्टा इओसीन, ऑलिगोसीन आणि मायोसीन या लागोपाठच्या काळांतल्या (साधारण साडेपाच कोटी ते पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या) उथळ समुद्राच्या थरांचा आहे. १८८३ मध्ये डंकन आणि स्लेडन यांनी कच्छ-काठियावाडच्या एकायनॉइड जीवाश्मांवर ग्रंथ लिहिला, त्यातही हा वंश आहे. एक करा, तळाच्या खाचेत जुना चुन्याचा चिखल चिकटलेला दिसतोय. त्यात मसुरीएवढ्या चपट्या गोल चकत्या आहेत का बघा.

हरिपूरची_हळद

काका, आहेत! तीन-चार दिसतात. एक अर्धी तुटलीय, तिच्यात आत गोल-गोल वळसे आहेत.

भूस्तर

न्यूम्युलाइट. एकपेशीय प्राण्याचं कवच. कच्छात त्या चकत्या ऑलिगोसीनपर्यंतच्या थरांत मिळतात, मायोसीनमध्ये नाही. म्हणजे तुमचा दगड साधारण तीन ते पाच कोटी वर्षांचा धरा. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आजेसासूबाईंचा देव त्याच्यापेक्षा बराच तरुण.

बत्तीस_शिराळा

भारी. पण काका, एक कळत नाही. तुम्ही म्हणता गोल, उघड्यावर राहणारे वेगळे आणि हे वाळूतले वेगळे. दोन्ही पहिल्यापासून होते का? की एकातून दुसरे आले? डायनोसॉरसारखं यांच्यातही कोणी गेलं, कोणी आलं असं काही आहे का?

भूस्तर

आहे, आणि माझ्या मते डायनोसॉरपेक्षा रंगतदार आहे, कारण इथं पुरावा मुठीत धरता येतो. सवड काढून लिहितो.

पहिले एकायनॉइड ऑर्डोव्हिसियन काळात, ४५ कोटी वर्षांच्या आसपास. पुढची जवळपास वीस कोटी वर्षं त्यांचा समुद्रात फारसा रुबाब नव्हता. तळावर गर्दी होती ती देठ असलेल्या समुद्रलिलींची आणि ब्रॅकिओपॉडांची, म्हणजे शिंपल्यासारख्या दोन झाकणांच्या प्राण्यांची. कार्बोनिफेरस काळातल्या (सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या) काही चुनखडी तर समुद्रलिलींच्या मोडलेल्या देठांच्याच बनल्यात. एकायनॉइड आपले कडेकडेनं.

त्या जुन्यांची ठेवण आजच्यापेक्षा ढिली होती. पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या, कवच लवचीक. पट्ट्यांच्या उभ्या रांगा किती असाव्यात याचा काही नियम नाही. कार्बोनिफेरसमधला मेलोनेकायनस घ्या, त्याच्या नळीपायांच्या पट्ट्यातच ओळींवर ओळी. आज जिवंत असलेला कुठलाही सी-अर्चिन घ्या, रांगा वीस. पाच जोड्या पायांच्या, पाच जोड्या मधल्या. ताईंच्या दगडावरही वीसच.

वीस कुठून ठरल्या? तर २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनच्या शेवटी जो संहार झाला, त्यात यांचं घराणं जवळजवळ बुडालं. जे मोजके निभावले ते योगायोगानं वीस रांगांचे होते. आजचे सगळे त्यांचे वंशज. वीस रांगा चांगल्या होत्या म्हणून टिकल्या असं सिद्ध करणं अवघड आहे. मला तरी ते नशिबाचं काम वाटतं.

पूर्वी पुस्तकांत असायचं की एकच वंश वाचला, आणि सगळं त्या मियोसिडॅरिसपासून पुढं आलं. ते आता मागं पडलंय. टेक्सासमधल्या पर्मियन खडकातल्या एओटिआरिस नावाच्या जीवाश्मावर २०१५ मध्ये काम प्रसिद्ध झालं. त्याचं वय सुमारे २६.८ कोटी. तो आजच्या दोन मोठ्या शाखांपैकी सिडॅरॉइड या शाखेतलाच निघाला. म्हणजे दोन शाखा संहाराच्या आधीच फुटलेल्या होत्या आणि निदान दोघी पलीकडे पोचल्या.

पर्मियननंतरच्या ट्रायासिक काळात हळूहळू सावरले. इटलीच्या डोलोमाइट डोंगरांतल्या कॅसिअन थरांत त्यांचे काटे ढिगानं मिळतात, जाडजूड, गदेसारखे. पण ते सगळे उघड्यावरचे, गोल. वाळूच्या आत अजून कोणी नाही.

खरा बदल त्यापुढच्या जुरासिक काळाच्या सुरुवातीला, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी. गुदद्वार डोक्यावरून मागं सरकू लागलं. एका झटक्यात नाही: सुरुवातीच्यांत ते अजून वरच्या चकतीला चिकटलेलं, मग तिच्यापासून सुटलेलं, मग मागच्या उतारावर, मग काठावर. काटे आखूड आणि दाट झाले. लांब काटे घेऊन वाळूत शिरता येत नाही हे उघड आहे. जुरासिकच्या मध्यापर्यंत युरोपात क्लायपिअस, न्यूक्लिओलायटीस असे चपटे, मागं खाच असलेले प्रकार भरपूर. आपल्या कच्छातल्या जुरासिक एकायनॉइडांचं वर्णन ग्रेगरीनं १८९३ मध्ये केलंय.

बाकी उद्या. वीज जायची वेळ झाली.

लेखणी_वाई

भूस्तर काकांची वीज येईपर्यंत मी मायक्रॅस्टर नावाच्या सी-अर्चिनचं सांगते. एम.एस्सी.ला असताना याच्यावरच सेमिनार दिला होता, आणि प्रश्नोत्तरांत बरीच धुलाई झाली होती.

जुरासिकनंतरच्या क्रिटेशस काळाच्या सुरुवातीला हृदयाकृती सी-अर्चिन आले, पुढं खाच असलेले. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या चॉकच्या (मऊ चुनखडीच्या) कड्यांत त्यांच्यातला मायक्रॅस्टर हा वंश खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत सलग मिळतो. मार्गेट गावात आर्थर रो नावाचे डॉक्टर होते. दवाखाना सांभाळून ते कड्यांतून मायक्रॅस्टर गोळा करायचे, प्रत्येक नग कुठल्या उंचीवर मिळाला ते नोंदवून. डेंटल ड्रिलनं चॉक खरवडून साफ करायची युक्तीही त्यांचीच गाजली. १८९९ मध्ये त्यांनी दाखवलं की खालून वर जाताना कवच रुंद होत जातं, तोंड पुढच्या काठाकडं सरकतं, तोंडाखालचा ओठ जास्त बाहेर येतो, पाकळ्या लांबतात आणि त्यांच्या तळाचा पृष्ठभाग गुळगुळीतचा खरखरीत होतो. इतकं नेमकं, की नुसत्या पाकळीच्या तळावरून थर कुठला ते सांगता यायचं.

हे का झालं? १९५९ मध्ये निकोल्सनं आजचे जिवंत हृदयाकृती सी-अर्चिन वाळूत कसे वागतात ते बघून अर्थ लावला: हे उत्तरोत्तर खोल पुरून राहू लागले. खोल गेलं की वरून पाणी ओढायला हवं, खरखरीत कणांवरचे सूक्ष्म केस तो प्रवाह चालवतात. पुढं या "खोल" वर शंका घेतल्या गेल्या. खोली वाढली की गाळाचा पोत बदलला, यावर अजून जुंपते. माझी धुलाई तिथंच झाली.

माणदेशी_गडी

म्हंजी डाक्टर दाताची मशीन घिऊन दगुड घासत बसायचा. पेशंटं काय करत आसतील!

भूस्तर

आलो. लेखणीताईंनी चांगलं लिहिलंय. रोची गोष्ट मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगायचो, कारण जमवण्यापेक्षा उंची नोंदवण्यात त्याची हुशारी होती.

आता ६.६ कोटींचा टप्पा. आपल्या लाव्हाचाच काळ. जागतिक हिशोब असा की एकायनॉइडांचे साधारण एक तृतीयांशाहून थोडे जास्त वंश त्या सुमारास संपले. पर्मियनच्या मानानं हे सोसण्यासारखं. घराणी बहुतेक वाचली, पण कोण किती हे बदललं. चॉकमध्ये जिकडंतिकडं दिसणारे काही प्रकार गेले. हृदयाकृती टिकले आणि पुढं फोफावले.

त्यानंतर एक नवीनच मंडळी आली, सँड डॉलर. लगेच पुढच्या पॅलिओसीन काळात पश्चिम आफ्रिकेत टोगोसायमस नावाचा, बोटाच्या पेराएवढाही नाही असा एक प्राणी मिळतो. इओसीनच्या मध्यापर्यंत त्याचे नातलग जगभर. हे पार भाकरीसारखे चपटे, लाटांनी हलत्या वाळूत, किनाऱ्यालगत, जिथं दुसरा एकायनॉइड उभाही राहणार नाही. काहींच्या कवचात आरपार झरोके असतात. प्रवाह वरून जाताना चपट्या अंगाला उचलून पालथं करायला बघतो, झरोक्यांतून पाणी गेलं की तो जोर कमी होतो. आत वरच्या-खालच्या भिंतींना जोडणारे खांब. आणि यांनी दात सोडले नाहीत. वाळूचे कण चिरडून खातात.

म्हणजे बघा, बत्तीस शिराळ्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: कोण मेलं यापेक्षा कोण कुठं राहायला गेलं हा या गोष्टीचा कणा आहे. आधी सगळे तळाच्या वर. मग काही वाळूच्या आत. मग काही आणखी खोल, काही चिखलात, काही थेट फुटत्या लाटांखालच्या वाळूत. जुने हटले नाहीत. खडकावरचे गोल अजून खडकावरच आहेत. एकाच समुद्रात मजले वाढत गेले. कच्छच्या मायोसीन थरांत जाडजूड क्लायपिअ‍ॅस्टर आणि हृदयाकृती ब्रेनिया दोन्ही मिळतात, आणि दोघांचं राहणं-खाणं वेगळं.

कृष्णाकाठी_मिरज

मी नोकरीनिमित्त इंदूरला असते. इथून धार जिल्ह्यात बाघकडं गेलं की नर्मदेच्या बाजूला क्रिटेशस समुद्राचे थर उघडे पडलेत, आणि डोंगराच्या वरच्या अंगाला आपल्यासारखाच काळा बेसॉल्ट. तिथल्या गाठाळ चुनखडीत हेमिअ‍ॅस्टर मिळतो, लिंबाहून लहान, हृदयाकृती. पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आत आला होता. तो हटल्यावर बऱ्याच काळानं लाव्हानं सगळं झाकलं. सांगलीत आपण ज्या लाव्हावर बसलोय, त्याच्या नर्मदेकडच्या टोकाखाली समुद्र आहे, कोयनेखाली नाही. हे मला तिथं उभं राहिल्याशिवाय कळलं नव्हतं.

कोयनाकाठ

मालवणला खडकांच्या खळग्यांत काळे काटेरी असतात, पाय टाकताना जपावं लागतं. ते उघड्यावरचे गोल, बरोबर ना? मग वाळूतले कुठं असतात? पुळणीवर कधी दिसले नाहीत.

भूस्तर

बरोबर. ते काळे बहुधा स्टोमोप्न्यूस्टिस, आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खडकांवर नेहमीचे. वाळूतले वाळूतच असतात म्हणून दिसत नाहीत. ओहोटीला ओल्या पुळणीवर चपटी पांढरी कवचं आली तर ती त्यांची. हृदयाकृतींचं कवच कागदाइतकं पातळ, ते लाटेत टिकत नाही.

आकडेमोड

वाचनमात्र होतो, पण इथं हात वर करतो. मी साताऱ्यात संख्याशास्त्र शिकवतो, खडकातलं मला काही कळत नाही. पण काकांच्या शेवटच्या वाक्यातच माझी शंका आहे.

खडकावरचा गोल सी-अर्चिन मेला की त्याचं काय होतं? लाटा, उघडा खडक, गाळ नाही. तुकडे-तुकडे. वाळूतला मेला तर तो आधीच पुरलेला आहे. मग जीवाश्मांत वाळूतले जास्त दिसणारच. जुरासिकनंतर विविधता वाढली असं तुम्ही म्हणता, तिच्यातला किती भाग खरा आणि किती भाग केवळ टिकण्याची सोय झाली म्हणून? पर्मियनच्या आधीचे तर ढिल्या पट्ट्यांचे. ते कडेकडेनं होते असं तुम्ही म्हणालात. की ते भरपूर होते आणि सुटे होऊन विखुरले? नमुना निवडतानाच पक्षपात असेल तर निष्कर्ष कसा काढायचा?

लेखणी_वाई

सर, माझ्या सेमिनारला तुम्ही होतात का? 😄

भूस्तर

आकडेमोड सर, शंका शंभर टक्के रास्त. यावर प्रयोगही झालेत. मेलेले सी-अर्चिन पिंपात घालून गरगर फिरवायचे आणि किती वेळात सुटे होतात बघायचं, असं १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. उबदार पाण्यात पट्ट्यांमधला मऊ ऊतक लवकर कुजतो आणि कवच झटपट मोडतं, थंड पाण्यात बराच काळ धरून राहतं. म्हणजे नुसती सवय नाही, तापमानसुद्धा नोंदीत ढवळाढवळ करतं. सँड डॉलरच्या पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या आणि आत खांब, तो सगळ्यात टिकाऊ. म्हणून संग्रहालयात तोच जास्त.

उपाय दोन.

पहिला कंटाळवाणा. अख्खी कवचं मोजायचीच नाहीत. थरातली माती ठरावीक वजनाची घ्यायची, भिजवायची, चाळणीतून धुवायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुटे काटे, पट्ट्या, जबड्याचे तुकडे वेचायचे. खडकावरचा गोल प्राणी फुटला तरी त्याचे काटे कुठंतरी गाळात जातातच, आणि काट्याच्या बुडाची ठेवण बघून गट कळतो. जबडा म्हणजे पाच दातांचं मोठं गुंतागुंतीचं यंत्र, त्याचे सुटे भागही ओळखू येतात. अशा धुतलेल्या चाळात पर्मियनपूर्वीचे काटे आणि पट्ट्या मिळतात, पण वाळूत राहणाऱ्यांचा आखूड, वाकडा, केसाळ काटा जुरासिकच्या आधी एकही नाही. कवच मोडून नाहीसं होणं हे कारण तिथं लागू पडत नाही.

दुसरा मला जास्त आवडतो. कवच सोडाच, वाट बघायची. हृदयाकृती वाळूतून सरकताना पुढची वाळू मागं टाकतो, तेव्हा बिळात चंद्रकोरीच्या आकाराचे थरांमागून थर पडतात. शिवाय मागच्या पायांनी तो घाण वाहून नेणारी बारीक नळी बांधत जातो. काही वंश एक नळी बांधतात, काही दोन. खडकात ही बिळं तशीच्या तशी राहतात: एक नळी असलेल्यांना बायकॉर्डायटीस म्हणतात, दोन असलेल्यांना स्कोलिशिया. कवच आम्लात विरघळून गेलेल्या खडकातही ती असतात, कारण त्यांना टिकायला चुना लागत नाही. पर्मियनच्या समुद्री वाळूतही किड्यांची बिळं खंडीभर आहेत, पण ही नळीवाली नाहीत.

बत्तीस_शिराळा

उलटंही असेल ना? म्हणजे खडकावरच्या गोलांच्या खुणा?

भूस्तर

असतात. पाच दातांनी शेवाळ खरवडताना शिंपल्यावर पाच टोकांचा ताऱ्यासारखा ओरखडा उठतो. जुरासिकपासून पुढं शिंपल्यांवर तो जागोजाग दिसतो. कवच नसलं तरी प्राणी चरून गेल्याची नोंद राहते.

शत्रूंचीही राहते. शिरस्त्राण शंख म्हणतात ते मोठे सागरी शंख सी-अर्चिनच्या कवचाला भोक पाडून आतलं खातात. वाटोळं, नीट कडांचं भोक. ६.६ कोटींनंतरच्या थरांत अशी भोकं वाढत जातात. हळदताई, तुमच्या दगडाला ती दोन सोडून तिसरं भोक नाही, मी झूम करून पाहिलं.

हरिपूरची_हळद

म्हणजे म्हातारपणानं गेला. सासूबाईंना सांगितलं, समाधान झालं. भाऊजींचं अजून झालेलं नाही.

कोयनाकाठ

काका, पण एक गट कमी झाला तर बाकीच्या समुद्राला फरक पडतो का? की आपलं चालू राहतं?

भूस्तर

जीवाश्मात हे दाखवणं अवघड, पण डोळ्यांदेखत घडलंय. १९८३ मध्ये पनामापासून सुरू झालेल्या रोगानं कॅरिबियन समुद्रातले लांब काट्यांचे डायडेमा साधारण वर्षभरात मेले, दहातले नऊ किंवा जास्तच. ते शेवाळ चरायचे. ते गेले आणि प्रवाळांवर शेवाळ चढलं, अनेक ठिकाणी आजतागायत उतरलेलं नाही. २०२२ मध्ये पुन्हा साथ आली. तेव्हा एका वंशाच्या जाण्याला कमी लेखू नका. संहारानंतर मोकळ्या झालेल्या समुद्रतळांवर काय उगवलं असेल, हे मला कायम खुणावतं.

आकडेमोड

बिळांचा मुद्दा पटला. कवचाच्या टिकण्याशी त्याचा संबंध नाही, म्हणजे स्वतंत्र साक्षीदार. वाळूत शिरण्याची वेळ त्यानं पक्की होते.

पण संख्येचं काय? दहा जातींची बिळं एकसारखी असतील तर बीळ "कोणीतरी होतं" एवढंच सांगेल, "किती प्रकारचे होते" हे नाही. विविधता वाढली हे विधान परत कवचांवरच येऊन बसतं.

भूस्तर

येतंच. तिथं एकच मार्ग: सारख्याची सारख्याशी तुलना. जुरासिकची उथळ चुनखडी मायोसीनच्या उथळ चुनखडीशी ताडायची, चिखलाचा थर चिखलाच्या थराशी. चॉकमधली मोजणी घेऊन कच्छच्या वाळूशी लावायची नाही. त्यातही दोन्हीकडं सारख्याच संख्येनं नग घेऊन मग जाती मोजायच्या. असं केलं की वाढीचा फुगवटा बराच बसतो. वाळूतल्यांची वाढ तरी उरते, खडकावरच्यांची मात्र फारशी नाही. खडकाळ किनारे गाळात पुरले जाण्याऐवजी झिजूनच जातात, त्यामुळं तिथं ताडायला थरच सापडत नाहीत.

आकडेमोड

म्हणजे वाळूतल्यांची वाढ मान्य, खडकावरच्यांवर निकाल राखून ठेवला. एवढं चालेल मला.

माणदेशी_गडी

काका, आमी चौघं कच्छला निघायच्या बेतात हाय. कवा जावं, काय न्यावं?

भूस्तर

डिसेंबर-जानेवारी. फेब्रुवारी संपला की ऊन झेपत नाही. भिंग, भरपूर पाणी, वही. नारायण सरोवरच्या भोवती चिंकाऱ्यांचं अभयारण्य आहे, तिथलं काही उचलायचं नाही, फोटो काढा. फोटोत मापासाठी नाणं ठेवा आणि थर कुठल्या उंचीवर होता ते तिथंच लिहा. लखपतच्या किल्ल्याच्या भिंतीही नीट बघत चला, स्थानिक दगडच वापरलाय. जेवणाची सोय भूजहून बांधून घ्या.